गाढवांची जोडी आणि एक म्हातारी घोडी: घर पाहिजे (नागपूर)

शेवंता_हिंगणा | ९ मे, रात्री ११:२०

मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

हिंगण्याच्या पुढे आमचं एक लहानसं शेल्टर आहे. नाव देत नाही, कारण देणगी मागायला आलेली नाही. मुख्यतः कुत्री, थोड्या गाई-वासरं, आणि गेल्या तीन वर्षांत गाढवं-घोडे. पहिलं गाढव आलं तेव्हा ठेवायला जागा नव्हती, म्हणून कुत्र्यांच्या वॉर्डाशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये बांधलं. तेवढ्यात "तिथे गाढव घेतात" असं गावभर झालं. तेव्हापासून फोन थांबलेले नाहीत. डिसेंबरात अधिवेशन आलं की मोर्च्यात फिरवायला गाढव मिळेल का, असेही येतात. (नाही मिळत.)

सध्या तिघांना घर हवंय.

पहिली जोडी तर्री आणि पोहे. नावं पोरांनी ठेवली, माझ्यावर राग काढू नका. एप्रिलच्या शेवटी कन्हानकडच्या एका वीटभट्टीवरून फोन आला, गाढवीच्या पाठीला किडे पडलेत. गेलो. जखम बरोबर कण्यावर, तळहाताएवढी. पाठीवरची गादी झिजून नुसतं पोतं उरलेलं आणि त्यातून दोर तिथेच घासत होता. पुढच्या पायांना पायबंद, तिथेही वळ. तिला टेम्पोत चढवायला चाळीस मिनिटं, चार माणसं आणि एक किलो गाजरं लागली. गाढवाला ढकलून काही होत नाही, त्याला विचार करायला वेळ द्यावा लागतो. निघालो, आणि मागून दुसरं गाढव दावं तोडून टेम्पोमागे पळायला लागलं. हायवेपर्यंत. ओरडत. ड्रायव्हरने आरशात बघून गाडी थांबवली आणि म्हणाला, "ताई, हे जोडपं आहे. एकालेच नेऊन नाही जमणार."

मालकाने दुसरंही दिलं. पण एका अटीवर: दिवाळीनंतर भट्टी लागली की दोन्ही परत.

तिसरी चांदणी. लग्नसराईची घोडी. वाठोड्याच्या बाजूला कचऱ्याच्या ढिगावर उभी होती. मानेच्या केसांत चमकीच्या झालरीचा दोरा अडकलेला, अंगावर कुणीतरी लावलेला गुलाबी रंग, एका डोळ्यात फूल पडलेलं. पहिल्या दोन दिवसांच्या लीदेत प्लास्टिकच्या पिशव्यांचे तुकडे निघाले. उजव्या नाकपुडीतून पू येतो आणि त्याला भयंकर वास आहे. पोलिसात नोंद केली, मालक अजून उगवलेला नाही.

घर म्हणजे आमच्या मते काय: सावली, रोज बदललेलं पाणी, कोरडी जमीन, धड कुंपण. जोडी तोडायची नाही. पाठीवर ओझं नाही, वरात नाही. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर करार, आणि आम्ही न सांगता बघायला येऊ.

एक कबुली देऊन थांबते. तर्रीला टेम्पोतून उतरवतानाचा व्हिडिओ आमच्या पेजवर दोन हजार लोकांनी आवडला म्हणून नोंदवला. "घर पाहिजे" या पोस्टवर तीन फोन आले. त्यातले दोन वाढदिवसाला मुलांना बसवायला पाहिजे म्हणून.

बर्डीचा_बाबू | ९ मे, रात्री ११:५२

ताई, घोडीचं मी करू शकतो. माझ्या ओळखीत एक लॉनवाला आहे, गेटवर शोभेला पांढरी घोडी पाहिजे म्हणतो. वरात नाही, नुसती उभी राहील. कूलरसमोर ठेवतो म्हणे 😀

आणि तर्री-पोहे नाव वाचून भूक लागली बे, आता रात्री कुठे मिळणार.

शेवंता_हिंगणा | १० मे, सकाळी ६:१५

बाबूभाऊ, लॉन नको. रात्री बारापर्यंत डीजे, फटाके, आणि तिला एका डोळ्याने दिसत नाही. "नुसती उभी" हेच तिचं आयुष्यभराचं काम होतं.

गुरांचा_डॉक्टर (निवृत्त) | १० मे, सकाळी ७:४०

नमस्कार. पशुसंवर्धन खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ नागपूर जिल्ह्यात. घर शोधण्याआधी दोन गोष्टी.

चांदणीला आजच्या आज वेगळी बांधा. नाकातून पू येणारा कोणताही घोडा ग्लँडर्सची तपासणी होईपर्यंत संशयितच समजायचा. हा बर्कहोल्डेरिया मॅलिआय नावाच्या जिवाणूचा आजार, लस नाही, आणि तो माणसालाही होतो. तुमच्या पोरांना हातमोजे आणि मास्क लावायला सांगा. तिची बादली, खरारा, तोबरा वेगळा ठेवा. सरकारी दवाखान्याला कळवा, ते रक्ताचा नमुना घेऊन तपासणीला पाठवतील. शेवटचा शब्द हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचा असतो. दुर्दैवाने पॉझिटिव्ह आली तर उपचार करायला परवानगी नाही. २००९ च्या प्राण्यांच्या साथरोग कायद्याखाली तिला शांतपणे मारावंच लागतं. उत्तर येईपर्यंत तिला कुणालाही देऊ नका, शेडबाहेरही काढू नका.

हे ऐकून घाबरू नका. एकाच नाकपुडीतून, आणि घाण वासाचा, म्हणता ना? मला दाताची शंका येते. घोड्याच्या वरच्या मागच्या दाढांची मुळं थेट गालाच्या पोकळीत जातात. दाढ सडली की पू नाकातून उतरतो. चघळताना अर्धवट चावलेल्या चाऱ्याचे गोळे तोंडातून खाली पडतात का, ते बघा.

दुसरं गाढवांबद्दल. घोड्याला दुखलं की तो लोळतो, पाय आपटतो, घाम फोडतो. गाढव नुसतं मान खाली घालून उभं राहतं. म्हणून गाढव "शांत" झालं की मी घाबरतो. त्याने एक-दोन दिवस खाल्लं नाही तर अंगातली चरबी विरघळून रक्तात उतरते, रक्त दुधाळ दिसायला लागतं आणि यकृत बसतं. लठ्ठ गाढवाला तर फार लवकर. आणि हे नुसत्या जोडीदाराच्या वियोगानेही होऊ शकतं. तुमच्या ड्रायव्हरने शास्त्रीयदृष्ट्या बरोबर सल्ला दिला.

धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का? कण्यावरच्या जखमेला ते सगळ्यात आधी.

शेवंता_हिंगणा | १० मे, दुपारी १:०५

डॉक्टरकाका, धनुर्वाताचं पहिल्याच दिवशी दिलं. किडे चिमट्याने एकेक काढले, मेलेलं कातडं कापलं, रोज दोनदा सलाईनने धुतो आणि कडेने माश्यांचा स्प्रे. चाऱ्याचे गोळे पडतात! आम्हाला वाटलं म्हातारी आहे म्हणून नखरे करते.

वेगळी बांधली. एका पोराने कालच तिच्या कपाळाला पापी दिली होती, तो सकाळपासून गप्प बसलाय.

मेघना_कोथरूड | १० मे, दुपारी ३:३०

मला एक कळत नाही. मालकाने अट घातली आणि तुम्ही ऐकून घेतली? १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. १९६५ चे ओझ्याच्या जनावरांचे नियम आहेत: गाढवावर ५० किलोच्या वर लादता येत नाही, दिवसाला नऊ तासांच्या वर काम नाही, आणि पारा ३७ च्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. नागपुरात एप्रिल-मे म्हणजे रोजच गुन्हा! एफआयआर करा, जनावरं जप्त करा. परत द्यायचा प्रश्न येतोच कुठे?

भट्टीचं_पोरगं | १० मे, रात्री ९:१८

मेघनाताई, तुमचा राग समजते. पण एक आयका.

माह्या बापाकडे अकरा गाढवं होते. कामठीच्या पलीकडे. मी सातवीपर्यंत त्यांच्या मागं मागं चाललो, मंग शाळा, आता बुटीबोरीला कंपनीत आहो. कच्ची वीट तीन किलोच्या वर भरते. आम्ही एका खेपेला पंचवीस लादायचो. करा हिशोब. पन्नास किलोचा नियम आमाले कोनी सांगितला नाही, अन् सांगितला असता तरी भट्टीमालक पैसे हजार विटांवर देते, किलोवर नाही.

१२ ते ३ चं म्हनाल तर भट्टीवर कोनीच दुपारी काम करत नाही. रात्री तीनले उठायचं, दहापर्यंत सारं आटपायचं. माणूस बी मरते ना त्या उन्हात.

जखमा होत होत्या. खोटं नाही बोलत. माय रात्री हळद-तेल लावे अन् सकाळी त्याच पाठीवर पुन्हा गादी. दुसरी पाठ कुठून आनायची? एकदा शहरातले लोक आले, मोबाईल काढला, बापाचा फोटो काढला, शिव्या घातल्या अन् निंगून गेले. गाढवाले कोनी हात नाही लावला. बाप म्हने, यायच्यापेक्षा गाढव बरं, ते निदान लाथ मारून थांबते.

शेवंताताई, तुम्ही अट आयकली हे चांगलं केलं.

मेघना_कोथरूड | १० मे, रात्री १०:०२

मुद्दा मान्य. पण मग जखमी गाढव बरं करून पुन्हा त्याच पाठीवर त्याच विटा? हे तर आपण भट्टीचं फुकट गॅरेज झालो.

शेवंता_हिंगणा | १० मे, रात्री ११:३५

"फुकट गॅरेज". हे मी रोज रात्री स्वतःला म्हणते, तुम्ही फक्त शब्द दिलात.

जप्तीचं सांगते. आम्ही आधी एकदा तक्रार केलेली आहे. कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. छापील, खरा आकडा. जनावर आमच्याकडे राहिलं, तो माणूस पन्नास रुपये भरून गेला आणि त्याच आठवड्यात दुसरं घेऊन आला, जास्त कोवळं. त्या वस्तीत आम्हाला पुढे वर्षभर कुणी जखमी जनावर दाखवलं नाही, लपवायचे. ते वर्ष मला जास्त महाग पडलं.

म्हणून आता आमची पद्धत अशी. काम करण्याजोगं जनावर असेल तर तिथेच जाऊन उपचार, मालकाला जाड गादी शिवून देणं, खुरं कापून देणं, आणि परत. ज्याचं शरीर ओझं घेण्याच्या पलीकडे गेलंय, फक्त तेच आणायचं. विकत मात्र घ्यायचं नाही. आपण दिलेल्या पैशांत तो नवीन घेतो, नाहीतर बाजारात आपल्यामुळे भाव चढतो.

तर्री दुसऱ्या गटात आहे. कण्यावरचं कातडं भरलं तरी खाली नुसता वण राहणार, त्यावर गादी टेकली की पुन्हा फुटणार. ती परत जाणार नाही, मालकाशी भांडावं लागलं तरी. पण पोहे धडधाकट आहे. त्याला काही झालेलं नाही. त्याला ठेवून घ्यायचा हक्क मला कोणत्या तोंडाने सांगता येईल? आणि तो गेला तर तर्री एकटी.

कृष्णाकाठचा | ११ मे, सकाळी ८:२२

आमच्या सांगलीकडे 'अ‍ॅनिमल राहत' ही संस्था २००३ पासून हेच करते. बैल, गाढवं, तट्टू. त्यांनी काही वीटभट्ट्यांवर गाढवांच्या बदल्यात ट्रॅक्टर आणायला मालकांना मदत केली आणि गाढवं निवृत्त करून आपल्याकडे नेली. म्हणजे पैसा जनावराच्या किमतीत नाही, कामाच्या पर्यायात घालायचा. छोट्या शेल्टरला झेपणारं नाही हे कळतं, पण तुमच्या मालकाला पर्याय काय आहे, हे त्याला विचारलंय का कुणी?

आजी_धरमपेठ | ११ मे, सकाळी १०:४५

ताई, गाढविणीचं दूध मिळेल का? नातवाला सारखा खोकला असतो. पूर्वी आमच्या गल्लीत बाई घेऊन यायची, चमच्यावर विकायची.

शेवंता_हिंगणा | ११ मे, सकाळी ११:१०

आजी, तर्रीला दूध नाही, शिंगरू नाही तिला. आणि नातवाला डॉक्टरांकडे न्या, खोकला सारखा असेल तर नक्की. कच्चं दूध लहान मुलाला देऊ नका.

देवगिरीहून_डेव्हन | ११ मे, दुपारी २:५०

इथे इंग्लंडात माझ्या घरापासून अर्ध्या तासावर सिडमथला द डाँकी सँक्चुअरी आहे, १९६९ मध्ये सुरू झालेली. दोन पावसाळ्यांपूर्वी (इथे बाराही महिने पावसाळाच) बघायला गेलो होतो. त्यांचा रीहोमिंगचा नियम तुमच्याच ड्रायव्हरचा: एकटं गाढव देतच नाहीत, किमान दोन. जोडीला साधारण एकरभर जागा, गोठा, कोरडी पक्की फरशी. फरशी का, तर गाढव मूळचं वाळवंटातलं, ओल्या जमिनीत खुरं सडतात. अंगावरचे केसही घोड्यासारखे पाणी ओघळवून टाकणारे नाहीत, भिजलं की भिजतं. नागपूरच्या उन्हाची काळजी सगळे करतायत, पण घर बघताना जुलै-ऑगस्टचं विचारा. काळी माती असेल तर नको.

आणि एक. तिथल्या मुलीने सांगितलं, जोडीतलं एक मेलं तर दुसऱ्याला त्या देहाजवळ थांबू देतात, ते स्वतःहून दूर जाईपर्यंत. नाहीतर ते दिवसेंदिवस शोधत, हाका मारत राहतं.

गुरांचा_डॉक्टर (निवृत्त) | ११ मे, सायंकाळी ६:३०

काळ्या मातीचा मुद्दा लाखमोलाचा. विदर्भात मुरमाड माळ असलेलं घर शोधा.

जो कुणी घेईल त्याने हेही वाचावं. गाढवाला लाड म्हणून गूळ-चणे, पोळ्या, बिस्किटाचे पुडे देऊ नका. दीडशे किलोच्या गाढवाला दिवसाला दोन-सव्वादोन किलो कोरडा चारा पुरतो, मुख्यतः गव्हाचं कुटार (भुसा). सोयाबीनचं नको, टोचरं असतं. कोवळी ज्वारी तर अजिबात नको, विष असतं तिच्यात. जास्त गोड-धान्य दिलं की खुरांच्या आतला भाग सुजतो, लॅमिनायटिस म्हणतात. मग ते पुढचे पाय ताठ करून मागे रेलून उभं राहतं आणि लोक म्हणतात, बघा कसं ऐटीत उभं आहे.

आणि गाढव म्हणजे लहान घोडा नव्हे. घोड्याला दिवसातून जितक्या वेळा देतो त्याच हिशोबाने वेदनाशामक दिलं तर गाढवाचा अर्धा दिवस औषधाच्या असराविना जातो, कारण काही औषधं त्याच्या शरीरातून जास्त लवकर निघून जातात. तुमच्या डॉक्टरांना माहीत असेलच, तरी लिहिलं.

बर्डीचा_बाबू | ११ मे, रात्री ८:०५

म्हणजे आपण आयुष्यभर ज्याला गाढव म्हणून शिवी दिली त्याचं डाएट आपल्यापेक्षा कडक आहे.

संत्रावाला_काटोल | १३ मे, सकाळी ६:५०

मी वाचत होतो, लिहायला उशीर झाला. काटोलपासून आठ किलोमीटरवर माझी बाग आहे. एक म्हातारं तट्टू आहे, वडिलांच्या वेळचं, एकटं पडलंय. चांदणीची तपासणी ठीक आली तर तिला घ्यायची तयारी आहे. गाढवांना जागा नाही, खोटं बोलणार नाही.

शेवंता_हिंगणा | १३ मे, दुपारी १२:४०

दादा, मी उडी मारली खुर्चीत. पण आधी रिपोर्ट. आणि फवारणीच्या दिवसांत ती बागेत मोकळी असणार नाही ना? दुसरं म्हणजे कुंपण काटेरी तारेचं आहे का? घोडा तारेत पाय अडकला की मागे ओढतो आणि कातडी सोलून काढतो.

संत्रावाला_काटोल | १३ मे, रात्री ९:१०

तारेचंच आहे. बदलतो तिच्या बाजूचं. फवारणीच्या दिवशी तट्टूही गोठ्यातच असतं.

शेवंता_हिंगणा | २८ मे, रात्री १०:३०

नवतपा सुरू आहे, पारा ४५ च्या वर, पत्र्याखाली काय होत असेल विचारू नका. शेडवर कुटाराचा जाड थर टाकला, बाजूंना तट्ट्या बांधून त्यावर पाणी मारतो. चांदणीला दुपारी धाप लागली होती, श्वास मोजले तर चाळीसच्या वर. आधी मलाही वाटायचं की तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकलं की झटका येतो. काकांनी फोनवर ओरडून सांगितलं की तो गैरसमज आहे: ओता, सतत ओता, थांबू नका. बादल्यांवर बादल्या ओतल्या, मिठाचं पाणी वेगळं ठेवलं. तासाभरात खायला लागली. पोरांनी दुपारची पाळी लावून घेतली आहे, एकजण तर कॉलेजची परीक्षा संपवून थेट बादली घेऊनच येतो.

रिपोर्ट अजून नाही.

तर्री-पोहेच्या मालकाला भेटायला जायचं धाडस होत नाहीये. भट्टीचं_पोरगं, तुम्ही सोबत याल का?

भट्टीचं_पोरगं | २८ मे, रात्री ११:०५

रविवारी सुट्टी आहे. येतो. पन त्याच्यासमोर कायदा काढू नका अन् मोबाईल खिशात ठेवा.

शेवंता_हिंगणा | ३ जून, रात्री ९:४५

गेलो. भट्टी बंद होत आलीये, पावसाआधीची शेवटची खेप. मालक आधी बोलेनाच. मग भट्टीच्या पोराने त्याच्या बापाचं नाव सांगितलं आणि निघालं की दोघांचे बाप एकाच भट्टीवर होते. त्यानंतर मी अर्धा तास गप्प बसले आणि ते दोघं बोलले. माझ्या आयुष्यातला सर्वात फलदायी अर्धा तास.

तर्रीच्या जखमेचे फोटो दाखवले, पहिल्या दिवसापासून आजपर्यंतचे. तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "ही नाही जमनार आता. ठेवा." सही केली.

पोहेवर अडलो. त्याचं म्हणणं साधं: दोन गेले तर मी काय घेऊन भट्टीवर जाऊ. यंदा भट्टीमालक ट्रॅक्टर-ट्रॉली लावणार अशी बोलवा आहे. लावली तर याचं काम तसंही जाणार, नाही लावली तर याला गाढव लागणार. "दिवाळीपर्यंत पाहू" यावर उठलो.

निघताना त्याने विचारलं, तो मले भेटू शकते का? मला आधी कळलंच नाही कोण कुणाला.

मेघना_कोथरूड | ३ जून, रात्री १०:२०

मी वरचा माझा प्रतिसाद पुन्हा वाचला. तसाच ठेवते, काढत नाही. पण पोहेसाठी काही करता येईल का? गाढव विकत घेणं नाही, पण त्याच्या दुसऱ्या कामासाठी काही?

कृष्णाकाठचा | ४ जून, सकाळी ७:५५

जपून. आधी भट्टीमालक काय करतो ते बघा. देशातली गाढवं २०१२ च्या पशुगणनेत सव्वातीन लाखांच्या आसपास होती, २०१९ मध्ये सव्वा लाख. ६१ टक्के घट. यंत्रं आली हे एक कारण, आणि चामड्यासाठीची चोरटी विक्री हे दुसरं. त्या कातडीपासून चीनमध्ये एजियाओ नावाचं औषध बनवतात. म्हणून ट्रॅक्टर येताच ही गाढवं कुणाला विकली जातात, यावर लक्ष ठेवा. एकदम दहा-वीस घेतो म्हणणारा व्यापारी जेजुरीच्या गाढवांच्या बाजारातला कुंभार-वडार नसतो.

शेवंता_हिंगणा | १६ जून, सायंकाळी ५:१०

निगेटिव्ह!!! चांदणी निगेटिव्ह, गेल्या आठवड्यातच कळलं. पापी देणाऱ्या पोराला मी स्वतः फोन केला.

आणि काका, दाढच होती. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेली. गुंगी देऊन, उभ्यानेच, वरची उजवी दाढ काढली. हातात घेऊन बघितली तर माझ्या अंगठ्यापेक्षा लांब, खालून काळी. दातांवरून वय अठरा ते वीस सांगितलं. बाकीच्या दातांच्या कडा कानशीने घासून दिल्या. आता गोळे पडत नाहीत. पू चार-पाच दिवसांत कमी झालाय.

गुरांचा_डॉक्टर (निवृत्त) | १६ जून, सायंकाळी ६:००

उत्तम. दाढ नसल्याने समोरची खालची दाढ आता वाढत जाईल. तिला झिजवायला वर काही उरलं नाही ना. सहा महिन्यांनी पुन्हा घासून घ्या. काटोलकरांनी लिहून ठेवा.

संत्रावाला_काटोल | १६ जून, रात्री ८:४०

लिहिलं. भिंतीवर कॅलेंडरवर, डिसेंबरच्या पानावर. तार काढून लाकडी फळ्या लावल्या. कधी आणताय?

शेवंता_हिंगणा | २९ जून, रात्री ११:००

चांदणी काटोलला गेली. सुरुवातीला एक महिना "पाहुणी" म्हणून. तट्टूने पहिल्या दिवशी तिच्याकडे पाठ केली, दुसऱ्या दिवशी तिच्या कुटारात तोंड घातलं, तिसऱ्या दिवशी दोघं एकमेकांची मान खाजवत होते. दिसत नाही त्या बाजूने जाताना आधी आवाज द्या एवढंच सांगितलं होतं. काटोलकर तिला "बाई, आलो गं" म्हणतात. जाताना मी रडले नाही. टेम्पोत रडले.

गाढवांना मात्र अजून घर नाही. एक फोन आला होता, उमरेड रोडवरून, माणूस बोलायला गोड, जागा मोठी. बघायला गेलो तर आवारात आधीची दोन घोडी, एकीच्या लगामाच्या कडीला आतून काटे. काटेरी लगामावर १९६५ पासूनच बंदी आहे. चहा पिऊन आलो, गाढवं नाही दिली. घोडीबद्दल डॉक्टरांना कळवलंय, ते उपचाराच्या निमित्ताने जाणार आहेत.

बर्डीचा_बाबू | ३० जून, सकाळी ९:१५

ताई, आमच्या लॉनवाल्याने आता पितळी घोडा आणला. खरंच. फोटो टाकू का?

शेवंता_हिंगणा | १३ जुलै, रात्री १०:१५

आज मालक आला होता. मोटरसायकलवर, मागे मुलगी, दहा-अकराची. मी अजून फाटकापर्यंत पोचले नव्हते तर आतून पोहे ओरडायला लागला, त्याला रस्त्यावरूनच गाडीचा आवाज ओळखू आला. तो सरळ आत गेला आणि त्याच्या कानामागे खाजवत उभा राहिला, एक शब्द नाही. मुलगी तर्रीच्या पाठीवरचा वण बघत होती. तिने विचारलं, "आता हिले काही नाही लादत का?" मी नाही म्हटलं. "मंग ही दिवसभर काय करते?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. उभी राहते, खाते, लोळते, असं काहीतरी बोलले. ती हसली.

निघताना मालक म्हणाला, ट्रॅक्टर येणार आहे म्हणतात. नक्की नाही. पोहेबद्दल काही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. पुढच्या रविवारी येतो म्हणाला.

भट्टीचं_पोरगं | १३ जुलै, रात्री १०:५०

येईल तो. फाटकाची कडी उघडी ठेवा.

शेवंता_हिंगणा | १४ जुलै, सकाळी ७:००

ठेवते. धागा बंद करत नाहीये, जोडी अजून इथेच आहे. तोवर एक तातडीचं: पावसाने आमचं कुटार अर्धं भिजलं, बुरशी आलीये, ते घालता येत नाही. गव्हाचं कोरडं कुटार कुणाकडे?

संत्रावाला_काटोल | १४ जुलै, सकाळी ७:२५

माझ्या भावाकडे मोहप्याला आहे, एक ट्रॉली निघेल. ताडपत्री तुमची आणा, आमची फाटली आहे.